शैलाचा तळमजला

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला, त्यावरून भांडायचं ते दिवाळीत भांड. आत्ता तुझ्याकडे काम आहे. आपल्या शैलानं फ्लॅट बघितलाय. विश्वामित्री नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. टोकन देऊन झालंय आणि पुढच्या आठवड्यात बानाखत, म्हणजे विक्रीचा करार. सुहासरावांचे गुडघे गेलेत, रावपुऱ्यातला जिना त्यांना चढवत नाही, म्हणून तळमजला. कारण अगदी रास्त आहे, म्हणून तर मला नीट भांडताही येत नाही.

बुधवारी मी तिच्याबरोबर फ्लॅट बघायला गेलो होतो. दलाल मोठा गोड माणूस. मी पुराचं काढल्याबरोबर म्हणाला, "साहेब, सो वरसमां एक वार आवे एवुं पूर २४ मां आवी गयुं. हवे सो वरसनी निरांत." शैलानं माझ्याकडे असं बघितलं की झालं ना समाधान! आणि दिनू, त्याच दिवशी सकाळी वर्गात एका मुलानं मला हेच वाक्य ऐकवलं होतं. चांगला मुलगा आहे. चाचणीत त्यानं तीस वर्षांत निदान एकदा शतवार्षिक पूर येण्याची प्रॉबॅबिलिटी अचूक काढली होती: एक वजा ०.९९ चा तिसावा घात, २६ टक्के. पायऱ्यासुद्धा सगळ्या मांडलेल्या. पेपर परत घेताना मला म्हणतो, "सर, पण आपल्याकडे तर येऊन गेला ना, म्हणजे आता आपण सेफ." तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. हे तुला सोडून कुणाला सांगणार?

तीन पत्तीत हरत गेलास की "आता तरी पान येणारच" म्हणून डाव दुप्पट करणारा तू. कोजागिरीला घड्याळ गहाण टाकलंस ते आठवतंय ना? पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही हे मी तेव्हा कानीकपाळी ओरडून सांगत होतो, आणि तू "सूत्र मलाही येतं" म्हणत होतास. येतच होतं तुला. डिस्टिंक्शन तुलाच मिळालं. पण हातात पानं आली की सूत्र कुठे जायचं?

नदीचंही तसंच आहे. शतवार्षिक पूर म्हणजे दर पावसाळ्याला शंभरात एक शक्यता, मागच्या वर्षी काहीही झालेलं असो. शंभर वर्षं थांबलं तरी तो एकदा तरी येण्याची शक्यता ६३ टक्केच, आणि पाठोपाठच्या दोन वर्षांतही तो येऊ शकतो. शैलाचं कर्ज वीस वर्षांचं आहे. त्या वीस वर्षांत १८ टक्के. म्हणजे साधारण पाच-साडेपाचात एक. इतक्या धोक्यावर तू तरी कपाटं, फ्रिज, आईचं देवघर जमिनीलगत ठेवशील का?

सुहासरावांचं तर वेगळंच. ते म्हणतात, २०१४ ला पूर आला, २०१९ ला आला, २०२४ ला आला, म्हणजे आता २०२९. त्याच्या आत आपण विकून मोकळे होऊ. इतक्या ठामपणे सांगितलं की वेळापत्रक त्यांनीच काढलंय! मी म्हटलं, २००५ कुठे गेलं? तिथून पुढचं अंतर नऊ वर्षांचं. तर म्हणे तो अपवाद. चार आकड्यांतला एक अपवाद म्हणून टाकायचा आणि उरलेल्या तिघांवरून नियम बांधायचा, असं दुसऱ्या वर्षाच्या मुलानं केलं असतं तर मी गुण कापले असते. जावयाला काय करणार?

पण त्यांच्या त्या यादीनंच माझी झोप उडवली. समज, खरोखरच दर वर्षी शंभरात एक अशी नदी आहे. तर वीस वर्षांत तसले तीन किंवा जास्त पूर येण्याची शक्यता हजारात एक निघते. मी दोनदा करून पाहिलं, बायनॉमियल आणि पॉइसाँ या दोन्ही सूत्रांनी. आता हे चारही पूर सारखे मोठे नव्हते, कबूल. २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस, २०२४ ला आजवा जलाशयाचं पाणी आणि पाऊस मिळून विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर, धोक्याची खूण पंचवीसवर असताना. तरीही इतक्या लवकर इतक्यांदा पाणी शहरात शिरतंय, म्हणजे "शंभर वर्षं" हा आकडाच संशयास्पद. तो येतो कुठून हे तू जाणतोसच: दर वर्षीची सर्वांत उंच पातळी घ्यायची, उतरत्या क्रमानं लावायची, आणि नोंदींच्या संख्येत एक मिळवून क्रमांकानं भागायचं. चाळीस वर्षांच्या नोंदी असल्या तर सर्वांत मोठा पूरसुद्धा एकेचाळीस वर्षांचाच ठरतो. त्यापुढचं सगळं वक्र लांबवून. आणि त्यात गृहीत काय, तर नदी तीच, पात्र तेच. इथे नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, बुजवून सोसायट्या उभ्या राहिल्या. जुन्या नदीच्या नोंदी नव्या नदीला कशा लागू पडतील? तसला पूर दर वर्षी पंचवीसात एक धरला तर वीस वर्षांत ५६ टक्के होतात. नाणं उडवण्यापेक्षा वाईट.

हे सगळं शैलाला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "दादा, तुझं गणित बरोबरच असणार. पण अरे, खिडकीतून झाडं किती छान दिसतात!"

निघताना मी पार्किंगमधली मीटरची पेटी उघडून बघितली. बाहेरच्या भिंतींना ताजा रंग, पण पेटीच्या आत, वायरी जातात त्या भोकाच्या वर, वाळलेल्या गाळाची सरळ रेघ. माझ्या छातीला लागत होती. दलालानं झटकन झाकण लावलं. शैला तेव्हा वर गच्ची बघायला गेली होती. तिला नंतर सांगितलं तर म्हणते धूळ असेल. त्या भागात २०२४ ला पाणी ओसरल्यावर मगरी कशा पकडून नेल्या ते तिनं स्वतः मला फोनवर सांगितलं होतं, हेही विसरली.

वर्गाचं मी बघतो. उद्यापासून त्या पोरांना विश्वामित्रीच्याच नोंदी देणार आहे आणि प्रत्येकाला विचारणार आहे, यावर तू स्वतःचे पैसे लावशील का ते सांग. उत्तर घातांकात नको, हो किंवा नाही. घरात मात्र माझं चालत नाही. तुझं चालेल. तू पाटबंधाऱ्यात जन्म काढलास, आणि लहानपणापासून तिला तुझंच खरं वाटतं. मी दहा वेळा सांगितलेलं ती तू एकदा सांगितलंस की ऐकते. तेव्हाही यावरून आपलं वाजलं होतंच, त्याचा मला अजून राग आहे, पण आज तो उपयोगी पडू दे.

धाकटीचं कॅनडाचं झालं का? वहिनींची शाळा सुटली म्हणे, आता तरी दोघं इकडे या. माझी शुगर ठीक, हिचं बीपीही ठीक.

बानाखत शुक्रवारी आहे. रात्री आठनंतर फोन कर, सुहासराव तेव्हा मंदिरात असतात. टक्के सांगत बसू नकोस, मीटरच्या पेटीचं विचार. त्याच स्कीममध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अजून शिल्लक आहे, टोकन तिकडे वळवता येईल असं दलालच म्हणाला. लिफ्ट आहे. तिला जनरेटर कुठे बसवलाय, तळघरात की वर, तेवढं विचारून घ्यायला सांग.

तुझा,
मधू