तोट्यातला शेअर सुटत का नाही?

संपादक महोदय,

लातूरच्या आडत बाजारात मी हिशेब लिहितो. सोयाबीनची पट्टी हातात पडली की काही तरुण तिथंच मोबाइलवर शेअर बाजारातले ऑप्शन, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे, घेतात. थोडा नफा दिसला की विकून मोकळे. तोट्यातलं मात्र ‘भाव परत येईल’ म्हणत धरून बसतात. नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा माणसाला जास्त झोंबतो, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. अहो, हा पुढच्या पेरणीचा पैसा आहे! तो बाजारात लावला की मन थाऱ्यावर राहीलच कसं? हा आकडा बाजारभावाच्या पानावर नेमानं छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक मुनीम, लातूर