अमाऱ्याला जायचंच असेल तर

चि. बंड्या,

अनेक आशीर्वाद. काल फोन मधेच कट केला, रेंज गेली नव्हती, मीच ठेवला. आई शेजारी बसली होती आणि तू म्हणालास शुक्रवारी सुट्टी आहे, इराकमधल्याच अमाऱ्याला जाऊन येतो, मला काही सुचलंच नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. बसरा म्हणजे दुबईच्या जरा पुढे एवढंच तिला माहीत आहे, तेवढंच राहू दे.

चूक माझीच आहे हे मला कळतं. तू निघायच्या आधी देवघरातली ती चकती मीच तुला काढून दाखवली, खापरपणजोबांच्या पलटणीची सगळी गोष्ट मीच सांगितली, आणि आता मीच म्हणतोय जाऊ नकोस. पण मी सांगितलं ते तू पहिल्या महायुद्धाचं मेमोरियल बघावंस म्हणून. ते तुझ्या कॅम्पच्या वाटेवर, नासिरियाच्या रोडलाच आहे, १९९७ ला जुन्या जागेवरून हलवून तिथे वाळवंटात नेलंय. तू फोटो पाठवलेस ते मी चष्मा पुसून पुसून पाहिले. चाळीस हजारांच्या वर माणसं, ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही त्यांच्यासाठी बांधलेलं, त्यात गोऱ्या शिपायाचं नाव आहे, आपल्याकडच्या सुभेदार-जमादाराचं आहे आणि साध्या शिपायाला फक्त "आणि इतर इतके". तू लिहिलंस, बाबा नाव नाहीये. मला वाटलं विषय संपला, तर तुझ्या डोक्यात अमारा.

पावणेदोनशे किलोमीटर तरी आहे ते. गाडी कोणाची? ड्रायव्हर ओळखीचा आहे का? सत्तावीस वर्षं एसटी चालवली म्हणून सांगतो, सरळ रोडवरच घात होतो, घाटात नाही. घाटात माणूस जागा असतो. सरळ रोडला, दुपारी जेवण झाल्यावर दोन ते चार, चांगल्या चांगल्यांना डुलकी लागते. नानाचं काय झालं ते तुला माहीत आहे, परत लिहीत नाही.

बरं, लेक्चर देणार नव्हतो. झालं ते झालं, सॉरी.

तिथे तुला काय दिसणार ते मी वाचून काढलंय, धाकट्याने मोबाइलवर लावून दिलं. अमाऱ्याला तेव्हा मोठी हॉस्पिटलं होती, जखमी टायग्रिस नदीतून बोटीने आणायचे. आपले पणजोबा (तुझे खापरपणजोबा) ११७ मराठा पलटणीचे, टायसिफॉनच्या लढाईत जखमी झाले, नोव्हेंबर १९१५. म्हणजे ते अमाऱ्यालाच वारले असणार, कागदावर तसंच आहे. त्यांची बाकीची पलटण मागे फिरून कुत गावात अडकली, डिसेंबर ते एप्रिल वेढा, घोड्याचं मांस खायची वेळ आली, आपली माणसं कित्येक दिवस नाहीच म्हणत होती, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला सगळे तुर्कांचे कैदी. अमाऱ्यात गेले ते एका परीने सुटले असं माझे वडील म्हणायचे. मला लहानपणी त्याचा राग यायचा.

तर अमाऱ्याला गोऱ्यांची दफनभूमी वेगळी आणि डाव्या काठाला हिंदी शिपायांची वेगळी. हिंदी शिपायांच्या जागेत सुमारे ५००० जण आणि त्यातल्या फक्त ९ जणांची नावं ठाऊक आहेत. नऊ! कुणी लिहूनच ठेवलं नाही. आपल्या माणसांना दहन दिलं की पुरलं तेही कळायला मार्ग नाही. गोऱ्यांचे दगड तरी कुठे राहिलेत, तिथल्या मातीतल्या खारामुळे खराब व्हायला लागले म्हणून १९३३ ला सगळे काढून टाकले आणि नावं भिंतीवर लिहिली. म्हणजे तू एवढा जीव धोक्यात घालून जाणार आणि एक मोकळी जागा बघून येणार. त्यासाठी जायचं का, एवढंच माझं म्हणणं आहे.

२०२१ ला या युद्धकबरींचं काम बघणाऱ्या कमिशननेच कबूल केलं की आपल्याकडच्या आणि आफ्रिका, इजिप्तच्या ४५ ते ५४ हजार माणसांची नोंद गोऱ्यांसारखी केली गेली नाही. माफीही मागितली. चांगलं केलं, पण आपल्या गावच्या चावडीचा दगड तरी कुठे वेगळा आहे, इतके लढाईवर गेले, त्यातले इतके मेले, नुसते आकडे. अपशिंग्याचे ४६ गेले ते अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे, नावं विचार कुणाला.

काल रात्री झोप नव्हती म्हणून चकती परत काढली. तुला सांगितलं होतं ना, ती सरकारने घरी पाठवली तेव्हा कुणाला इंग्रजी येत नव्हतं. वर बाई उभी, पुढे सिंह. पणजीने देवीच समजून देव्हाऱ्यात ठेवली. रोज हळदकुंकू, सणावाराला चिंचेने घासायची. वडील सातवीत गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वाचलं, ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर, आणि बाजूच्या चौकटीत पणजोबांचं नाव. तिला सांगितलं तर म्हणे ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहिलं नेहमीसारखं. आता सिंहाचं तोंड झिजून गुळगुळीत झालंय, नावातली पहिली तीन अक्षरं बोटालाच लागतात, डोळ्याला नाही. मी वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली तर सगळं नाव उमटलं. फोटो टाकलाय व्हॉट्सअॅपला, बघ.

आणि एक. पणजीने त्यांचं नाव जन्मात घेतलं नाही, तेव्हा बायका घ्यायच्याच नाहीत. दगडाने नाही, पलटणीने नाही, घरातही नाही.

तुला मी अडवू शकत नाही हे मला माहीत आहे. तुझ्या वयात मी वडिलांचं कुठे ऐकलं. ऑफिसला सांगून जा, लपून नको. एकटा नको, तुमच्यातला तो केरळचा मुलगा येत असेल तर घे. अंधार पडायच्या आत परत. डाव्या काठाला उभा राहिलास की त्यांचं नाव घे एकदा मोठ्याने, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, पेन्सिलीच्या कागदावर आहे तसं. कुणी बघत असलं तरी घे.

निघताना मेसेज टाक, पोचल्यावर टाक. ड्रायव्हर दुपारी जेवला की त्याला अर्धा तास झोपू दे. आणि गाडीचा नंबर आधी पाठव.

तुझे बाबा