नारळी पौर्णिमेला मी फ्लोरेसला असेन

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा "बघू" म्हणून फोन दादाकडे देतात, म्हणून लिहिते आहे. मी फ्लोरेस बेटावरचं काम घेतलं. पुण्याचा राजीनामा मंजूर झाला, कामाचा व्हिसाही आला. एप्रिलपासून साधारण ऑक्टोबर संपेपर्यंत मी इंडोनेशियात, फ्लोरेसच्या लाबुआन बाजो बंदरातून निघणाऱ्या पिनिसी म्हणजे शिडाच्या लाकडी बोटीवर डाइव्ह गाइड असेन, पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जाणारी. नारळी पौर्णिमेला नसेन, गणपतीतही नसेन. हे आत्ताच सांगते, कारण ऐन वेळी कळलं तर आईला जास्त लागेल.

बाबा, तुम्ही बुडालेल्या रामदास बोटीचं नाव काढणार. मोठ्या आत्यामुळे आपल्या घरात ते निघणारच. 17 जुलै 1947, भर पावसाळा, काशाचा खडक, हे मी तुमच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. म्हणून पहिली चौकशी मी हवेचीच केली. आमची बोट फिरते त्या कोमोडो बेटांच्या बाजूला एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. पाऊस आणि खवळलेला समुद्र जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा मी तुमच्याजवळ असेन. बंदर कचेरीची परवानगी नसेल तर बोट निघत नाही. हवा बिघडली की ते परवानग्याच थांबवतात, मग पाहुण्यांनी कितीही पैसे भरलेले असोत.

आणि बोट साधी नाही. सुलावेसीच्या दक्षिण टोकाला बुलुकुम्बा जिल्ह्यात ताना बेरू म्हणून गाव आहे, तिथे किनाऱ्यावरच अशा बोटी बांधतात. तिथले कोंजो जमातीचे कारागीर कागदावर नकाशा काढत नाहीत. आधी फळीला फळी जोडून बाहेरचं अंग उभं करतात, मग आतल्या बरगड्या बसवतात. त्यांच्या या विद्येची युनेस्कोने 2017 साली मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. दोन डोलकाठ्या, सात शिडं. मोठं शीड खालून वर चढवायचं नसतं. वरचा वासा कायम जागेवर असतो आणि शीड त्याच्यावरून पडद्यासारखं ओढून घेतात. इंजिन आहे, बाबा. बहुतेक वेळ त्याच्यावरच चालतो. वारा चांगला मिळाला की शिडं उघडतात, आणि तेव्हा सगळी बोट गप्प होते.

बांधायला घेताना तळाच्या मुख्य तुळईची दोन्ही टोकं कापतात. पुढचा तुकडा समुद्रात सोडतात, मागचा जमिनीवर ठेवतात. एक जाणाऱ्याचा, एक घरी वाट पाहणारीचा. आई, कप्तानांनी हे सांगितलं तेव्हा मला तूच आठवलीस.

बोटीवर पाहुणे आणि आम्ही दोघी गाइड सोडलो तर सगळी माणसं तिकडचीच. कप्तान आणि बरेचसे खलाशी त्याच बुलुकुम्बाच्या किनाऱ्यावरचे, एकमेकांच्या नात्यातले. माझा सगळ्यात मोठा भरवसा या माणसांवर आहे. तिथल्या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून उत्तरेकडचं फ्लोरेस समुद्राचं आणि दक्षिणेकडचं हिंदी महासागराचं पाणी ये-जा करतं. अमावास्या-पौर्णिमेला ओढ जबरदस्त असते. पाण्यात कधी उतरायचं ते भरतीचं कोष्टक बघून ठरतं, पण शेवटचा शब्द कप्तानांचा. ते पाण्यावरच्या भोवऱ्यांकडे थोडा वेळ बघतात आणि हो किंवा नाही म्हणतात. नाही म्हणाले की विषय संपला.

बाबा, तुम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचात आणि त्या हिशोबाने ओहोटीत मला खांद्यावर बसवून कुलाब्याच्या किल्ल्यावर न्यायचात. तुमच्या पोटऱ्यांना पाणी लागलं की मी वर बसून तुमचे दोन्ही कान घट्ट धरायची. तुम्ही "चला" म्हणालात की बोरं तशीच टाकून निघायचो. तेव्हा जशी ऐकायची, तशीच अजून ऐकते. तारकर्लीला डायव्हिंग शिकतानाही सर पहिल्यांदा हेच म्हणाले होते, ही मुलगी पाण्यात घाई करत नाही.

आई, जेवणाचं म्हणशील तर रोज भात, रोज ताजे मासे, वर नारळ, हळद, चिंच आहेच. सोयाबीन आंबवून टेम्पे करतात, त्याच्या तळलेल्या कापा मला आवडतात. माझी उपवासाची चाल स्वयंपाक्याला ठाऊक आहे, तो त्या दिवशी रताळं उकडून ठेवतो. आम्हा दोघींना वेगळी खोली, आतून कडी, अंघोळीला गोडं पाणी. कोमोडोच्या त्या मोठ्या घोरपडी तीन मीटरपर्यंत वाढतात हे तू टीव्हीवर पाहिलंस, खरंच आहे. पण बेटावर वनरक्षक बरोबर असल्याशिवाय कुणी फिरत नाही. बोटीवर त्या येत नाहीत.

पगार पुण्यापेक्षा कमी आहे. पण घराचे या वर्षीचे हप्ते बाजूला काढून ठेवलेत, दादावर काही पडणार नाही. आणि बाबा, ऑफिसात बसून माझी पाठ आणि झोप दोन्ही गेली होती, ते तुम्हीच बोलला होतात. तुमची तब्येत अशी असताना जाऊ नये, असं मनात शंभरदा आलं. तरी जाते आहे. पण तुम्हाला वाऱ्यावर सोडून नाही.

आता माझं ऐका. बाबा, रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, आईला दाखवायचे, आणि अनवाणी वाडीत जायचं नाही. साखर लिहायची वही भिंतीवर अडकवली आहे, ती कोरी दिसता कामा नये. संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही. आई, पावसात विहिरीकडच्या पायऱ्या तुझ्यासाठी बंद. शेवाळं काढायला माणूस सांगितला आहे, पैसे दिलेत. गुडघ्याचे व्यायाम टाळू नकोस, मी व्हिडिओवर विचारीन. मोदकांना वहिनी दोन दिवस आधी येते आहे. तिला उकड तू शिकव, तिला खरंच शिकायची आहे, तिने मला स्वतःहून सांगितलं.

फोनचं असं आहे. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे माझे साडेदहा. बंदरात असले की त्या वेळी फोन करीन. बेटांमध्ये गेलो की रेंज जाते. तीन-चार दिवस काही कळलं नाही तर घाबरायचं नाही. कचेरीचा नंबर दादाकडे आहे, तो विचारील.

बाबांचा दुसरा मोतीबिंदू गणपतीनंतर नको. मी जायच्या आधी उरकू, म्हणजे थेंब मीच घालीन. शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. आधी रक्त तपासणार आहेत, तेव्हा बाबा, उपाशी पोटी निघायचं. चहासुद्धा नाही. मी शुक्रवारी रात्री पोचते.

तुमची
मनू