सर, फोनवर तुम्ही आभार घेत नाही म्हणून हे उघड पत्र

आदरणीय सर, सलाम.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणता देवाचे मान, आणि लगेच विषय बदलता, तिकडं पाऊस कसाय, सोयाबीनला काय भाव चाललाय. म्हणून इथं चारचौघात लिहायलेय, म्हणजे तुम्हाला मधीच तोडता येणार नाही. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले लोक पण वाचतील. वाचू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर आमच्या चर्चचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, आता रिटायर. माझं माहेर जालन्याकडचं, आणि मी सध्या अंबाजोगाईकडं कुटुंब समुपदेशनाचं काम करते, म्हणजे दारू, मारझोड, संशय, माहेरी पाठवून दिलेल्या बायका, पुण्याला कंपनीत गेलेले आन परत न फिरकलेले नवरे, हेच रोजचं. सरांनी मला डॉन ब्राउनिंग नावाच्या माणसाला वाचायला लावलं, आणि त्यानं माझी कामाची पद्धतच बदलली, त्याबद्दल हे पत्र आहे.

सर, तुम्हाला आठवत असेल मी तेव्हा किती वैतागलेली होते. आपल्याकडं बाई रडत पाळकाकडं आली की तिला एकच औषध मिळायचं, सहन कर, प्रार्थना कर, प्रभूनं पण वधस्तंभ उचलला. (तुमच्याकडं नाही मिळायचं हे, पण बाकी ठिकाणी सर्रास, नाव घेत नाही कुणाचं.) आणि मी कोर्समधी जे शिकून आले ते बरोबर उलटं, तुझ्या भावना महत्त्वाच्या, तुझं आयुष्य तुझं, आधी स्वतःला शोध. आता चार एकर कोरडवाहू, दोन लेकरं, सासू आजारी, माहेरी भाऊ-भावजय दारात उभं करीनात, अशा बाईला मी काय सांगू की जा आणि स्वतःला शोध? कुठं शोधावं तिनं? आणि सहन कर असं तरी कोणत्या तोंडानं सांगावं. मी तुम्हाला म्हणलं सर, दोन्हीपैकी एकानंही माझ्यासमोर बसलेल्या बाईचं काही होईना. तुम्ही काही बोलला नाहीत, आत गेलात आणि ब्राउनिंगच्या लिखाणाची ती स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स आणून दिलीत, कडेला सगळीकडं तुमच्या पेन्सिलच्या मराठी टिपा, काही ठिकाणी तर मूळ मजकुरापेक्षा टिपा जास्त. खरं सांगते, आधी मी टिपाच वाचल्या, इंग्रजी नंतर.

ब्राउनिंग हा अमेरिकेतला ईश्वरविज्ञानाचा प्राध्यापक, 1934 साली मिसूरी राज्यात जन्मला, आयुष्यभर शिकागो विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलमधी शिकवलं, 2010 मधी वारला. त्याचं 1987 चं पुस्तक मानसशास्त्रावर आहे आणि त्यातला मुद्दा साधाय पण डोक्यात बसला की निघत नाही. तो म्हणतो, हे जे फ्रॉइड, युंग, स्किनर, रॉजर्स, मॅस्लो असे मोठे मानसशास्त्रज्ञ आहेत ना, हे फक्त मन कसं चालतं एवढंच सांगत नाहीत, माणसानं कसं जगावं हे पण हळूच सांगून जातात, फक्त ते शास्त्राच्या नावाखाली असतं म्हणून आपल्याला कळत नाही. रॉजर्स-मॅस्लोचंच घ्या. प्रत्येकानं स्वतःला फुलवलं की सगळ्यांचं आपोआप जमेल, कुणाचं कुणाला आडवं येणार नाही, असं त्यांनी मनातल्या मनात धरलेलं असतं. हे सिद्ध कुणी केलं? कुणीच नाही, ही पण एक श्रद्धाच झाली की. आणि ही श्रद्धा काढून घेतली तर मागं उरतं फक्त माझं मी बघते तुझं तू बघ. मी हे वाचून उठून बसले. कोर्समधी आम्हाला हे शास्त्र म्हणून शिकवलेलं, त्यावर परीक्षेत पंधरा मार्कांचा प्रश्न यायचा, आणि हा बाबा म्हणतो यात पण एक धर्म दडलाय, तपासून घ्या. आणि बरं का, तो मानसशास्त्राला शिव्या देत नाही. उलट एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञावर त्याचा भारी जीव, 1973 च्या त्याच्या पुस्तकापासून. एरिक्सन म्हणतो मधल्या वयात माणसाची खरी भूक असते पुढच्या पिढीला वाढवायची, सांभाळायची, आणि ते जमलं नाही तर माणूस आतून साचून जातो. आमच्याकडं वस्तीवर दिवाळीनंतर जाऊन बघा, आईबाप ऊसतोडीला गेलेले आणि सत्तरीचा आजोबा नातवंडांच्या चड्ड्या वाळत घालतोय. त्याला एरिक्सन कोण ते माहीत नाही, पण त्याच्याशी बोलताना मला एरिक्सन लई कामाला येतो.

पण माझ्या कामाचं खरं सापडलं ते पुढं, कुटुंबाच्या भागात. 1991 पासून ब्राउनिंगनं शिकागोला धर्म, संस्कृती आणि कुटुंब यावर मोठा प्रकल्प चालवला, लिली एन्डाउमेंट या तिकडच्या देणगी देणाऱ्या संस्थेच्या पैशावर, आणि 1997 ला पाच जणांनी मिळून पुस्तक काढलं, त्यात बॉनी मिलर-मॅकलमोर आणि पॅमेला कूचर या दोन बाया. तेव्हा तिकडं कुटुंबावरून नुसती हमरीतुमरी चाललेली, एक गट म्हणणार बाप घराचा मस्तक, दुसरा म्हणणार कुटुंबाचं एवढं काय घेऊन बसलात. या लोकांनी दोघांचंही ऐकलं आणि तिसरंच मांडलं: नवरा-बायकोत समान आदर. म्हणजे दुसऱ्याला जेवढं माणूस मानायचं तेवढंच स्वतःला, आणि स्वतःला जेवढं तेवढंच दुसऱ्याला. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा आपण लहानपणापासून शब्बाथ शाळेत पाठ करतो, पण त्यातल्या 'स्वतःसारखी' वर कुणी थांबतच नव्हतं, निदान बाईच्या बाबतीत तरी नाही.

मग त्यागाचं काय? तुमची सगळ्यात मोठी टीप तिथंच आहे. ब्राउनिंग त्याग काढून टाकत नाही, तो ख्रिस्ती माणूस आहे, वधस्तंभ कुठं ठेवणार. पण तो म्हणतो त्याग हा मुक्काम नाही, मोडलेली परस्परता परत जोडायला लागतो तेवढा त्याग. एकानं कायम द्यायचं आणि दुसऱ्यानं कायम घ्यायचं याला तो प्रेम म्हणत नाही. तुम्ही कडेला लिहिलंय, 'हे लग्नाच्या उपदेशात सांगणे', आणि खाली दोन रेघा.

सांगितलंत पण! माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. आपल्याकडं लग्नात बायबलमधलं इफिसकरांस पत्र अध्याय पाच वाचायचं म्हणलं की पाळक सुरूच करतात बाविसाव्या वचनापासून, स्त्रियांनो पतीच्या अधीन असा. तुम्ही एकविसाव्यापासून सुरू केलं, एकमेकांच्या अधीन असा, आणि थांबलात, आणि नवरदेवाकडं बघितलंत. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची चुळबुळ चालू झालेली मी पाहिली. आणि या म्हाताऱ्या म्हणजे काय साध्यासुध्या नाहीत, एकोणिसाव्या शतकातले मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ जे बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तिथल्या जुन्या घराण्यातल्या, बायबल त्यांना तुमच्यापेक्षा पाठ. जेवणाच्या पंगतीत एकजण म्हणायली, वचन तर खरंय पण पाळकानं असं मधूनच काढायची काय गरज होती. मधूनच! आधीचंच वचन आहे ते, आजी.

आता हे नुसतं उपदेशातलं नाही, हे पण तुम्हीच दाखवलंत. आपल्या लोकांना जो घटस्फोटाचा कायदा लागू होतो तो 1869 चा, इंग्रजांचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरायचं आणि बायकोला नुसता व्यभिचार दाखवून भागायचं नाही, त्याच्या जोडीला क्रूरता नाहीतर टाकून देणं असं अजून काहीतरी सिद्ध करावं लागायचं. हे कायद्यात 2001 पर्यंत लिहिलेलं होतं. संमतीनं वेगळं व्हायची सोय पण त्याच दुरुस्तीत आली. म्हणजे मी शाळेत असताना आपल्या मंडळीतल्या बाईचं दुःख कायद्यानंच अर्धं मोजलं जायचं, आणि चर्चमधी वर तिलाच सांगायचे सहन कर.

ऊसतोडीच्या कुटुंबांबरोबर काम करताना मी बायबल उघडत नाही, ते लोक ख्रिस्ती नाहीत आणि तो माझा हक्क पण नाही. इथंच ब्राउनिंग जास्त कामाला आला, कारण त्याचं म्हणणंच असं की श्रद्धेतून आलेली गोष्ट चारचौघात, सगळ्यांना पटेल अशा भाषेत मांडता आली पाहिजे. तर एक जोडपं होतं, ओळख पटेल असं काही सांगत नाही. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात ती जोडप्यावर, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, हिशोब नवऱ्याला माहीत. बाई पहाटे अंधारात उठून भाकरी करणार, मग फडात मोळ्या बांधणार, डोक्यावर नेऊन गाडी भरणार, कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन परत चूल. भांडण कशावरून, तर तिनं लेकीच्या दवाखान्याला पैसे मागितले आणि यानं हात उचलला. मी आधी हात उचलण्याचं बोलले, ते कायद्यानं कुठं जातं ते पण सांगितलं, त्याशिवाय पुढं जायचंच नाही हा माझा नियम आहे. मग ब्राउनिंगच्या पद्धतीचा प्रश्न टाकला, जागा बदलून बघायचा. म्हणलं दादा, उद्या तुमची लेक या जागी असली, हेच काम, हाच हिशोब, तर चालंल का? तो पटकन म्हणला, 'लेकीला मी कोयत्यावर जाऊच देणार नाही.' बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन म्हणली, 'मी बी कुणाची तरी लेकच हाय की.' मी काहीच बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

त्या हंगामाला उचलीतला काही भाग तिच्या खात्यावर टाकायचं ठरलं, लेकीसाठी. सगळं सुटलं असं अजिबात नाही, दारू आहेच, मुकादम आहेच. पण हिशोबाची वही आता ती पण बघते.

ब्राउनिंगचं सगळंच मला पटलं नाही, ते तुम्हाला माहितीये, आपण त्यावर कडाकडा भांडलोय. तो लग्नावर फार भर देतो, बाप घरात पाहिजे, पुरुष लेकरांपासून लांब वाहवत जातो हा मोठा धोका म्हणतो, त्यासाठी थेट मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंतापर्यंत जातो, की माणसाचं लेकरू लई वर्षं लहान राहतं म्हणून त्याला दोघं लागतात. मी म्हणलं सर, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला मी हे वाचून दाखवू? तिनं कुठून आणायचा बाप? तुम्ही म्हणलात, तो लेकराला बाप पाहिजे म्हणतोय, बाईला मालक पाहिजे असं नाही म्हणत, आणि जिथं बाप नाही तिथं मंडळीनं, गावानं उभं राहावं हे पण म्हणतोय, ते पान तू वाचलंच नाहीस. ते पान मी वाचलं. तरी माझं थोडं अडलेलंच आहे. आणि जात, एकत्र कुटुंब, सासू, यातलं त्याला काही भेटलेलं दिसत नाही. एका ठिकाणी तो म्हणतो लहान लेकरं असलेल्या आईबापानं दोघांचं मिळून आठवड्याला 60 तासांच्या वर पगारी काम करू नये. वाचून मी हसलेच, आमच्याकडं फडात एकट्या बाईचेच तेवढे शुक्रवारच्या आत भरतेत. पण नंतर वाटलं, निदान कुणीतरी ईश्वरविज्ञानवाला माणूस घड्याळ घेऊन बसला, आईबापाला वेळ मिळतो का हा पण नीतीचा प्रश्न मानला, नाहीतर आपल्याकडं कुटुंबावरचे उपदेश म्हणजे नुसते आकाशातले.

तर सर, मनापासून आभार. पुस्तक दिलंत म्हणून तर आहेतच, पण जास्त यासाठी की तुम्ही मला कधी म्हणला नाहीत की हे वाच आणि असंच कर. वाच आणि भांड म्हणलात. पाळकबाईंचे पण आभार, आपल्या भांडणात चहा करायला तुम्ही उठायचात आणि त्या बसून माझ्या बाजूनं बोलायच्या.

आता काम. दसरा झाला की कोयते निघायला लागतेत, त्याच्या आधी दोन वस्त्यांवर नवरा-बायकोंना एकत्र बसवून बोलायचंय, उचल, खातं, लेकरांची शाळा, हंगामी वसतिगृह याच्यावर. पुरुष माणसं माझ्यासमोर मान हलवतात आणि घरी जाऊन विसरतात, तुमच्या वयाचा माणूस बोलला तर ऐकतील. तुम्ही दोघं या, मुक्काम माझ्याकडं. आणि झेरॉक्स परत मागू नका, ती आता माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोरीकडंय, तिनं तुमच्या पेन्सिलच्या खाली पेननं लिहायला सुरुवात केलीय.

तुमची,
जालन्याची पोरगी