रंगासाठी बाप-लेकीची जोडी नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेली बारा वर्षे मी बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) पाळतो, त्यांची पिल्लेही काढतो. अल्बिनो, म्हणजे अंगात काळे रंगद्रव्य नसलेले, पिल्लू अंड्याला चीर पाडून पहिल्यांदा डोके बाहेर काढते, ते पिवळेधमक अंग आणि लालसर डोळे पाहून आजही हरखून जायला होते. त्यामुळे हा छंद बंद करा, असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार जोड्या लावण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

अल्बिनो हा अप्रभावी गुण. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक आले तरच रंग दिसतो. एकाकडूनच आले, तर पिल्लू दिसायला साधे पण वाहक. दोन वाहकांच्या जोडीत दर अंड्याला चारात एक संधी. माझ्याकडे एकदा सहा अंड्यांतून एकही अल्बिनो निघाले नाही. हिशेब मांडला तर शंभरात सुमारे १८ वेळा असेच व्हायचे. इतका धीर नसतो, म्हणून अल्बिनो नराची लेक मोठी झाली की तिला त्याच नराशी लावतात. ती वाहक असणार हे पक्के, आणि निम्मी पिल्ले अल्बिनो निघण्याची शक्यता.

मीही हे केले आहे. पाच अंड्यांतून दोन अल्बिनो निघाले, त्यातल्या एकाच्या कण्याला बाक होता. उबवणीतले तापमान चुकले तरी असा बाक येतो, त्यामुळे दोष जनुकांचाच असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण बाप-लेकीच्या जोडीत रंगासोबत इतर दडलेले दोषही उघडे पडू शकतात, हे मला आधीच ठाऊक होते. ती जोडी मी पुन्हा लावली नाही.

आता तर तशी गरजही नाही. टाकलेल्या कातीवरून साप अल्बिनो जनुकाचा वाहक आहे का, हे प्रयोगशाळेत तपासता येते. वाहक जोडीची साधी दिसणारी पिल्ले ‘६६ टक्के हेट’ (हेट म्हणजे वाहक) म्हणून अंदाजाने विकली जातात, कारण अशा तिघांत सरासरी दोन वाहक असतात. त्यातले नेमके कोणते, हे कात सांगते. मग नात्याबाहेरचा वाहक शोधणे अवघड नाही.

हा साप नीट सांभाळला तर २०-३० वर्षे जगतो. विकणाऱ्याने पिल्लाच्या आई-बापाचे आपसांतले नाते लेखी द्यावे, घेणाऱ्याने ते मागून घ्यावे. गेल्या हंगामापासून मी प्रत्येक पिल्लासोबत आई, बाप आणि चारही आजी-आजोबांची नोंद देतो. एकच नाव दोनदा आले असेल, तर तेही तिथे दिसते.

आपला,
एक सर्पपालक