रविवारी ‘द गॉडफादर’. येताना चादर आणा

सभासदहो, येत्या रविवारी दुपारी ४ वाजता नेहमीच्या हॉलवर दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा ‘द गॉडफादर’ (१९७२). सिनेमा १७५ मिनिटांचा, त्यामुळे कुणासाठीही थांबणार नाही.

खिडक्या झाकायला प्रत्येकी एक जाड चादर आणा. सोलापूरकरांकडे चादर नाही, हे कारण चालणार नाही! छायालेखक गॉर्डन विलिस यांनी प्रकाश वरून टाकलाय, डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोचे डोळे सावलीतच राहतात. हॉलमध्ये ऊन शिरलं तर पहिला प्रसंग वाया गेला म्हणून समजा. त्याच्या मांडीवरचं मांजर सेटवर भटकत आलेलं होतं. त्याला कुरवाळणारा हात आणि तोंडची धमकी एकत्र बघा.

बाप्तिस्मा आणि खून एकमेकांत कसे विणलेत, यावर नंतर कडक भाकरी-शेंगाचटणीसोबत बोलू. ज्यांनी पाहिलाय त्यांनी शेजाऱ्याला आधीच सांगू नये. गेल्या वेळी तेच झालं.