लाइव्ह संगीताचे पैसे घेतले आणि तबलजीला दारातून परत पाठवलं

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

विषय : आपल्या ग्वाल्हेरच्या बारमध्ये न दिलेल्या लाइव्ह संगीताची आकारणी

महोदय,

गेल्या गुरुवारी रात्री मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि सासरे असे चौघे आपल्या सिटी सेंटरमधल्या बारमध्ये आलो होतो. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात खाण्यापिण्याचे 3,140 रुपये आहेत, ‘लाइव्ह म्यूझिक’ या नावाने माणशी 250 प्रमाणे 1,000 रुपये आहेत, आणि खाण्यापिण्यावर 10 टक्के सेवाशुल्क म्हणून 314 रुपये आहेत. खाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते चांगलं होतं. तक्रार उरलेल्या 1,314 रुपयांची आहे, आणि पैशांपेक्षा मोठी अशी एक गोष्ट आहे तिची.

आपल्या कंपनीने ही जागा घेतली त्याच्या आधीपासून आम्ही दर गुरुवारी इथे येतो. हॉल लहान, जेमतेम चाळीस खुर्च्यांचा. कोपऱ्यात एक वीतभर उंचीचा मंच, त्यावर एक गाणारी मुलगी, एक हार्मोनिअम किंवा कीबोर्ड, एक गिटार आणि एक तबला. वाजवणारी मुलं बहुतेक इथल्याच संगीत महाविद्यालयांत शिकणारी किंवा नुकतीच शिकून बाहेर पडलेली. गझल, दादरा, जुनी चित्रपटगीतं, मध्येच कुणी फर्माईश केली तर एखादं नाट्यगीतसुद्धा. पुढच्या टेबलावर बसलं तर सूर लावताना तबल्यावर हातोडी पडायची तीसुद्धा ऐकू यायची. ती ऐकू यायची म्हणूनच आम्ही पुढचं टेबल मागायचो.

माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, इथल्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवांत आणि घरोघरच्या भजनांत पन्नास वर्षं तबला वाजवत आले. आता बोटं संधिवाताने आखडली आहेत. ते बारमध्ये लिंबू सोडा घेतात आणि तबल्याकडे बघत बसतात. तो तबला वाजवणारा मुलगा आल्याबरोबर आधी त्यांच्या पाया पडतो. दादरा संपत आला की गाणारी मुखड्यावर, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीवर, येऊन घोळते आणि तबला लग्गी, म्हणजे जलद खेळकर बोल, धरतो, तेव्हा नाना टेबलावर उजव्या हाताची दोनच बोटं हलवतात. तेवढीच आता हलतात. तो मुलगा ते बघतो आणि लग्गी आणखी दोन आवर्तनं लांबवतो. हे मी दोन वर्षं पाहिलं आहे.

गुरुवारी नानांची पंचाहत्तरी होती. घरी पूजा आणि जेवण दुपारीच आटोपलं. संध्याकाळी काय करायचं असं विचारलं तर म्हणाले, तिकडेच जाऊ.

आम्ही पोचलो तेव्हा तो मुलगा दाराबाहेर उभा होता, दोन्ही खांद्यांवर तबल्याच्या पिशव्या घेऊन. त्याला संध्याकाळी आल्यावर सांगण्यात आलं की यापुढे तबला, गिटार, कीबोर्ड नको, गाणारी ट्रॅकवर गाईल. त्या दिवसाचे पैसेही दिले नाहीत, रिक्षाचे भाडेही नाही. तो नानांच्या पाया पडला आणि निघून गेला. वाढदिवसाचं त्याला कळलं होतं की नाही, मला विचारता आलं नाही.

आत दारावरच्या फलकावर तबला, गिटार आणि हार्मोनिअम यांचे फोटो अजून आहेत. त्याखाली ‘दर गुरुवारी लाइव्ह’ असं लिहिलं आहे. त्या फलकाचा त्या रात्री काढलेला फोटो जोडला आहे. आपल्या व्यवस्थापकांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, “सिंगर तो लाइव है न, मॅडम.” इतकंच बोलून ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

गाणारी समोर उभी आहे म्हणून संगीत लाइव्ह होत नाही. हे आपल्याला समजावून सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं, पण सांगते. त्या मुलीचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, ती काळी दोनमध्ये, म्हणजे हार्मोनिअमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाते. तिच्यासाठी तो मुलगा मोठ्या तोंडाचा तबला आणायचा आणि तिच्या सुराला लावून घ्यायचा. कुणी पाहुणी उंच पट्टीत गाणार असेल तर लहान तोंडाचा. दुसरी पिशवी त्यासाठी. एसीच्या झोतात कातडं आखडून सूर चढतो, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये तो पुन्हा हातोडी घ्यायचा. गुरुवारी ट्रॅक मूळ पट्टीत लावले होते. ती पहिल्याच अंतऱ्यात वर ओढली गेली, आवाज फाटला, आणि पुढचे दोन शब्द तिने सोडून दिले. वाजवणारा माणूस असता तर त्याने ते ऐकलं असतं आणि पट्टी तिथेच खाली घेतली असती. ट्रॅक ऐकत नाही. दादऱ्यात ती मुखड्यावर घोळायला थांबली तेव्हा ट्रॅक अंतऱ्यावर निघूनही गेला होता. तिने धावत जाऊन तो पकडला. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. दोष तिचा नाही, या पत्रावरून तिला कुणी काही बोललं तर तो तिच्यावर अन्याय होईल, हे स्पष्ट नोंदवते.

वर मागच्या भिंतीवरच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू होता, समालोचनाच्या आवाजासकट. आवाज बंद करा म्हणून यजमानांनी दोनदा सांगितलं, दोनदा तो कमी झाला आणि दोनदा पुन्हा वाढला.

आपल्या मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर आपण लिहिलं आहे की ग्वाल्हेर हे युनेस्कोचं संगीत-शहर आहे. 2023 मध्ये तो मान मिळाला, हे खरं आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण तो मान भिंतींना मिळालेला नाही. ग्वाल्हेर घराण्याचे गायक हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी याच शहरात शिकवत होते आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्यांच्याकडे शिकायला इतक्या लांबून इथे आले. त्यांनी ती गायकी महाराष्ट्रात नेली, मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांना शिकवली. नाना ही गोष्ट त्या तबल्यावरच्या मुलाला सांगायचे, त्याची सुटी झाली की, लिंबू सोड्यावर. माधव संगीत महाविद्यालय 1918 पासून आहे, राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, तेव्हा सगळं शहर हजीऱ्याकडे, तानसेनांच्या समाधीकडे, जातं. पण शिकून निघालेल्या मुलांनी उरलेले महिने कुठे वाजवायचं? लग्नसराई आणि जागरणं सोडली तर चाळीस खुर्च्यांचा असा हॉल त्यांना किती ठिकाणी मिळतो? आपण तो मान छापायला घेतला आणि तो कमावणाऱ्यांच्या वारसाला दारात उभं केलं.

सेवाशुल्काबद्दल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत उपाहारगृहांना सेवाशुल्क आपोआप बिलात लावायला मनाई केली आहे, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. मी काढायला सांगितलं तेव्हा ‘सिस्टिममधून निघत नाही’ असं उत्तर मिळालं. नानांसमोर वाद नको म्हणून आम्ही पूर्ण पैसे भरले. ते पैसे संमतीने दिलेले नाहीत.

माझ्या मागण्या अशा. आम्हाला 1,314 रुपये परत करावेत. त्या तबलजीला आणि त्याच्यासोबत परत पाठवलेल्या दोघांना त्या संध्याकाळचं ठरलेलं मानधन द्यावं, कारण ते ठरल्याप्रमाणे आले होते. दारावरचा फलक खरा करावा : एक तर वाजवणारे ठेवा, नाही तर तबल्याचा फोटो आणि माणशी 250 रुपये, दोन्ही काढा. ‘लाइव्ह म्यूझिक’ म्हणून घेतलेल्या रकमेतलं कलाकारांना किती मिळतं, तेही लेखी कळवावं. आणि गाणं चालू असताना पडद्याचा आवाज बंद ठेवावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. माझं काम तिथपर्यंत जाऊ नये अशी इच्छा आहे. आपल्या वाढप्यांशी आणि स्वयंपाकघराशी आमचं कधी वाकडं नव्हतं.

त्या रात्री नाना अर्ध्या तासात उठले. घरी आल्यावर त्यांनी कपाटावरचा स्वतःचा तबला खाली काढायला सांगितला, पुसला आणि पुन्हा वर ठेवायला सांगितला. तो मुलगा परत वाजवायला लागेल त्या गुरुवारी मला आदल्या दिवशी कळवा. पुढचं टेबल, चार खुर्च्या. आम्ही येऊ.

आपली,
गुरुवारची नियमित ग्राहक
लष्कर, ग्वाल्हेर

सोबत : बिलाची प्रत, दारावरच्या फलकाचा फोटो, मेनूकार्डाच्या पहिल्या पानाचा फोटो